बंद पडलेल्या खदानीच्या गावाचा इतिहास कसा लिहावा: पूर्व विदर्भासाठी

नागपूर, भंडारा आणि चंद्रपूर या पट्ट्यातल्या बंद खदानींच्या गावांवर जे थोडंफार लिहिलेलं सापडतं, त्यातलं बरंचसं खरं तर कंपनीबद्दल असतं. खाण कोणी उघडली, माल किती निघाला, कुलूप कधी लागलं, एवढंच. खाणीच्या आधी गावात काय पिकत होतं, रेजा म्हणून कामाला जाणारी बाई पाणी कुठून आणायची, लाईनीत, म्हणजे मजुरांच्या खोल्यांच्या रांगेत, कोणती भाषा बोलली जायची, खाण गेल्यावर कोण थांबलं आणि का थांबलं, याचा त्यात पत्ता नसतो. पुढची पद्धत या दुसऱ्या प्रकारच्या माहितीसाठी आहे. कागद, जमीन आणि माणसं हे तीन साक्षीदार. एकट्याच्या सांगण्यावर कोणतीही मोठी गोष्ट लिहायची नाही, निदान दोघांचं जुळलं पाहिजे. दोघं-तिघं मिळून, नोकरी-शेती सांभाळून करत असतील तर एक वर्ष धरून चाला.

आधी गाव नक्की करा

हे काम क्षुल्लक वाटतं आणि नेमकं इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. गुमगाव हिंगण्याकडेही आहे, पण गुमगावची मँगनीज खाण सावनेर तालुक्यात खाप्याजवळ आहे. मनसरच्या शेजारची कांद्री मँगनीजची, कन्हानजवळची कांद्री कोळशाच्या पट्ट्यातली. जुन्या अहवालात नुसतं नाव दिसलं आणि लगेच आकडा उतरवून घेतला, तर दुसऱ्याच गावाचं उत्पादन आपल्या गावाच्या नावावर चढतं. म्हणून पहिल्याच पानावर मौजा, तालुका, जिल्हा, खनिज आणि शेजारच्या चार गावांची नावं लिहून ठेवा. पुढे सापडणारा प्रत्येक कागद या पानाशी ताडून पाहायचा.

खाणपट्ट्याला (खाणकामासाठी भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीला) एका गावाचं नाव असतं आणि खड्डा शेजारच्या मौजात असतो, हेही नेहमीचं. कामगारांच्या लाईनी कधी तिसऱ्याच मौजात, कधी जंगलाच्या जमिनीवर. बुजुर्ग, खुर्द आणि रिठी हे शब्द सोडू नका. रिठी म्हणजे वस्ती नसलेलं गाव, आणि रिठीच्या हद्दीत खाण असेल तर जनगणनेत ती माणसं भलत्याच गावात मोजलेली असतात.

जिल्ह्यांची आणि राज्यांची उलथापालथ ध्यानात ठेवा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा भाग मध्य प्रदेशात होता, त्याआधी मध्य प्रांतात. चंद्रपूर १९६४ पर्यंत कागदोपत्री चांदा. गडचिरोली १९८२ मध्ये वेगळा झाला, गोंदिया १९९९ मध्ये. अभिलेखागारात ‘महाराष्ट्र’ किंवा ‘चंद्रपूर’ या नावाखाली १९३० चा कागद मागितला तर मिळत नाही आणि माणूस निराश होऊन परततो. इंग्रजी कागदांत एकाच गावाचं स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी येतं. सगळ्या तऱ्हांची यादी करून प्रत्येकीने शोधा.

महसुली कागद

सातबारा आणि फेरफार सगळ्यांना माहीत असतात, पण विदर्भात त्याहून बोलके कागद आहेत. पहिला बंदोबस्त मिसल, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवतानाची गावाची फाईल. नागपूर जिल्ह्यात १८९० च्या आणि १९१० च्या दशकांत बंदोबस्त झाले, म्हणजे मँगनीजची खाण येण्याच्या लगेच आधीचं आणि लगेच नंतरचं गाव एकाशेजारी एक ठेवून पाहता येतं. मालगुजार (गावाचा सारा भरणारा जमीनमालक) कोण, कुळं किती, पडीत किती, विहिरी किती, तलाव कुणाचा, हे सगळं तिथे असतं. पडीत जमीन अचानक वाढलेली किंवा कुळांची नावं गळालेली दिसली, तर खाणीने माणसं ओढून घेतली असण्याची शक्यता आहे. लगेच निष्कर्ष काढू नका. दुष्काळही तेवढाच जबाबदार असू शकतो, १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन मोठे दुष्काळ याच काळातले आहेत.

दुसरा, १९५४-५५ चा अधिकार अभिलेख. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली, त्यानंतर जमीन कोणाच्या नावावर बसली हे त्यात सापडतं. तिसरा, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. गुरं कुठे चरायची, सरपण कुठून, मेलेली जनावरं कुठे टाकायची, वहिवाटीची वाट कोणती, अशा गावाच्या हक्कांची नोंद यात असते. खाणीच्या गावासाठी हा कागद अमोल आहे, कारण आज जिथे मलब्याचा डोंगर आहे तिथे पूर्वी गुरचरण होतं हे तोच सांगतो.

चौथं, कोतवाल बुक. जन्म-मृत्यूच्या या जुन्या नोंदींकडे लोक हल्ली जातीच्या दाखल्यासाठीच वळतात. खाणीच्या उमेदीच्या काळातले मृत्यू महिन्यानुसार मोजा. एखाद्याच पावसाळ्यात वीस-पंचवीस नोंदी दिसल्या तर साथ असते. मृत्यूच्या कारणापुढे बहुधा ‘ताप’ लिहिलेलं असतं, त्यावरून हिवताप की फुप्फुसाचा आजार हे ठरवता येत नाही, आणि ठरवूही नये.

प्रती तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून मिळतात. नक्कल मागण्याआधी अवलोकनाचा, म्हणजे कागद नुसता पाहण्याचा, अर्ज करा. नाहीतर चाळीस पानांचे पैसे भरून कामाची दोन पानं हाती येतात.

खाणीचे कागद

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जुने अहवाल पहिले घ्या. मँगनीजसाठी भूवैज्ञानिक फर्मर यांचा १९०९ चा मोठा ग्रंथ आहे. त्यात मध्य प्रांतातल्या खाणी एकेक करून वर्णिल्या आहेत, आणि या भागात मँगनीज ज्या खडकाच्या सोबतीने येतं त्याला ‘गोंडाइट’ हे नावही त्यांनीच गोंड लोकांवरून दिलं. आपल्या गावाचं वर्णन सापडलं तर खड्ड्याची दिशा आणि टेकडीचा आकार टिपून घ्या, जमिनीवर फिरताना तेच लागतं.

खाण निरीक्षकांचे वार्षिक अहवाल दुसरे. १९०१ च्या खाण कायद्यानंतर तपासणीचं खातं उभं राहिलं, आज तेच धनबादचं खाण सुरक्षा महासंचालनालय. अपघात आणि कामगारसंख्या यासाठी हे अहवाल पाहायचे. बंद केलेल्या खाणीचा नकाशा या खात्याकडे जमा करावा लागतो. भूमिगत कोळसा खाण असेल तर तो नकाशा मिळवण्याचा प्रयत्न करायलाच हवा, कारण गावाखाली पोकळी कुठवर आहे हे त्याच्याशिवाय कळत नाही. कोळसा सोडून इतर खनिजांसाठी भारतीय खाण ब्युरोकडे जा. १९४८ साली स्थापन झालेलं हे कार्यालय नागपुरातच आहे. खाणपट्ट्याचे आदेश जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे असतात.

मालकीची साखळी लावून घ्या. मँगनीजमध्ये १८९६ च्या सिंडिकेटमधून वाढलेली सेंट्रल प्रोव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी, १९६२ मध्ये मॉइल (मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड), १९७७ मध्ये मॉइल पूर्ण सरकारी. छोट्या खाणी मात्र खाजगी ठेकेदारांच्या होत्या, त्या या साखळीत बसवू नका. कोळशात १९७३ चं राष्ट्रीयीकरण आणि १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कोळसा कंपनी. १९७३ पूर्वीचा कागद शोधायचा तर जुन्या मालकाचं नाव लागतं. वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण हा आणखी जुना प्रकार. १८७० च्या दशकात सुरू, १९०६ मध्ये बंद, आणि वर्धा-वरोरा रेल्वे मुळात तिच्यासाठी.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना मत किंवा कारण विचारू नका, दस्तऐवज मागा. ‘खाण का बंद केली’ असं विचारलं की उत्तर येत नाही. असं लिहा: ‘मौजे अमुक, तालुका अमुक येथील अमुक खनिजाच्या खाणपट्ट्याची मूळ मंजुरी, नूतनीकरण, समर्पण किंवा व्यपगत झाल्याचा आदेश आणि सीमांकन नकाशा यांच्या प्रती द्याव्यात.’ शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. राज्याच्या कार्यालयाला अर्ज असेल तर एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा पाळा. केंद्राच्या कार्यालयांना ५०० शब्द चालतात. एका अर्जात चार गावं घातली की अर्ज फिरत राहतो.

आकडे उतरवताना एकक सोबत लिहा. जुना टन म्हणजे १,०१६ किलो, मण म्हणजे सुमारे ३७.३ किलो. जुने आणि नवे आकडे एकाच तक्त्यात रूपांतर न करता घातले तर उत्पादन वाढलं की घटलं हेच चुकतं.

तेजी-मंदीची कारणं गावात शोधून सापडत नाहीत. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत मँगनीजची मागणी कोसळली आणि मध्य प्रांतातल्या कितीतरी खाणी थंडावल्या. रायपूर-विजयनगरम रेल्वे १९३१ मध्ये पुरी झाली, १९३३ मध्ये विशाखापट्टणम बंदर उघडलं, आणि या भागाच्या मालाला समुद्राची जवळची वाट मिळाली. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत मँगनीज अमेरिकेला मिळेनासं झालं तेव्हा भारतीय मालाला तेजी आली. म्हातारी माणसं ‘तेव्हा लई काम होतं’ म्हणतात ते वर्ष या तीन-चार तारखांवर टेकवून पाहा.

जनगणना वाचताना

जिल्हा जनगणना हस्तपुस्तिकांत गावनिहाय आकडे असतात, पण प्रत्येक दशकात खाणकामगार वेगळ्या रकान्यात बसवलेले आहेत. १९६१ मध्ये खाणकाम हे पशुपालन, वनकाम, मासेमारी यांच्यासोबत तिसऱ्या गटात आहे. १९७१ मध्ये खाणकामाला स्वतंत्र चौथा गट मिळाला. १९८१ मध्ये गावपातळीवर फक्त चार गट उरले आणि खाणकामगार ‘इतर’मध्ये गेले. १९९१ मध्ये पुन्हा नऊ गट, २००१ आणि २०११ मध्ये पुन्हा चार. १९७१ चे ३०० खाणकामगार १९८१ मध्ये ‘नाहीसे’ झालेले दिसले, म्हणजे खाण बंद पडली असं नव्हे. ही चूक छापील लेखांतही दिसते.

स्त्री-पुरुष आकडे वेगळे उतरवा. मँगनीजच्या उघड्या खाणींत बायका मोठ्या संख्येने होत्या. माल फोडणं, निवडणं आणि टोपलीने वाहणं हे त्यांचं काम. जमिनीखालच्या कामावर बायकांना १९२९ च्या नियमांनी टप्प्याटप्प्याने बंदी घातली, ती १९३९ पर्यंत पुरी झाली, युद्धकाळात १९४३ मध्ये उठली आणि १९४६ मध्ये परत आली. ‘माझी आजी चाणकाखाली जायची’ (चाणक म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर) असं कोळशाच्या गावात ऐकलं तर त्या आठवणीचा काळ या तारखांनी आवळता येतो.

शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर

एकच कागद पाहायला वेळ असेल तर हा पाहा. पोराचं जन्मगाव, पालकाचा धंदा, शाळेत आल्याची आणि सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण. छत्तीसगड, बालाघाट, छिंदवाडा, आंध्र अशा जन्मगावांची वर्षवार मोजणी केली की मजूर कधी आणि कुठून आले हे दिसतं. त्याहून महत्त्वाचं, खाण मोडत असताना दाखले नेणाऱ्यांची रांग लागते. एखाद्या वर्षी पंधरा पोरं गेली, पुढल्या वर्षी साठ, की ते गाव कधी रिकामं झालं हे कोणत्याही सरकारी आदेशापेक्षा नेमकं कळतं.

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, शाळेतच बसून उतरवा, आणि फक्त संख्या घ्या. नावं, जाती, जन्मतारखा वहीत येता कामा नयेत, फोटो तर मुळीच नको.

जमीन

फिरायला फेब्रुवारी ते मे. पावसाळ्यात आणि त्यानंतर गवत-टणटणीखाली काहीच दिसत नाही आणि काठ भुसभुशीत असतात. सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० नकाशा घ्या. नागपूर-रामटेक-तुमसरसाठी ५५ ओ या क्रमांकातले नकाशे, वरोऱ्यासाठी ५५ पी, चंद्रपूर-बल्लारपूरसाठी ५६ एम. शक्य झाल्यास जुना, इंचाला मैलाचा नकाशाही मिळवा. दोन्हींवर ट्रॉलीच्या वाटा, जुने खड्डे, तलाव यांच्यावर वेगळ्या रंगांनी खुणा करा. उपग्रहाची लँडसॅट चित्रं १९७२ पासूनची आहेत आणि फुकट मिळतात. त्यांत घर दिसत नाही, पण खड्डा आणि मलबा वाढताना दिसतो.

मँगनीजचा दगड ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. काळा, हाताला काजळी लावणारा, आणि त्याच आकाराच्या साध्या दगडापेक्षा दीडपट जड. मलब्याच्या ढिगाऱ्यावर मात्र फार विसंबू नका. भाव वाढले की जुने ढिगारे पुन्हा चाळले जातात, त्यामुळे आज दिसणारा ढीग पहिल्या खाणीचा असेलच असं नाही.

लाईनी मोजताना खोल्यांची लांबी-रुंदी घ्या, चुलीची जागा, ओसरी, नळाचं कोंडाळं, संडास कुठे किती अंतरावर, हे नकाशावर मांडा. बाबूंचे क्वार्टर आणि मजुरांच्या लाईनी यांच्यामधलं अंतर पावलांनी मोजा. गावाचा स्वभाव इथेच उघडा पडतो. मग देवळं, दर्गे आणि विहार. विश्वकर्म्याची पूजा १७ सप्टेंबरला होते का, देवीचं ठाणं खाणीच्या तोंडाशी आहे की वस्तीत, वर्गणीच्या पाटीवर कोणत्या गावची आडनावं आहेत. लाईनीतला बुद्धविहार असेल तर तो १४ ऑक्टोबर १९५६ नंतरचा धरायला हरकत नाही, पाटीवरचं वर्ष पाहून खात्री करा.

धोक्याचं आता, आणि हे हलक्यात घेऊ नका. एकट्याने जायचं नाही. भूमिगत खाणीच्या तोंडात पाऊल टाकायचं नाही, दोन पावलंही नाही. आत प्राणवायू कमी असलेली हवा साचते, तिला वास नसतो, आणि बेशुद्ध पडलेल्याला काढायला गेलेला दुसरा माणूसही तिथेच पडतो. पाणी भरलेल्या उघड्या खड्ड्याचा काठ सरळ तुटलेला असतो, त्याला तलावासारखा उतार नसतो. काठापासून निदान पाच मीटर लांब राहा आणि पोरांना सोबत नेऊ नका. कोळशाच्या भागात गरम जमीन, जळकं गवत, गंधकाचा वास किंवा भेगांतून वाफ दिसली तर मागे फिरा, खाली आग असते आणि वरचा थर पातळ असतो. तांब्या-अॅल्युमिनियमची बारीक नळी सापडली तर हात लावू नका, जुना डेटोनेटर असू शकतो. पोलिसांना कळवा. जमीन अजून खाणपट्ट्यात असेल तर परवानगीशिवाय जाणं गुन्हा ठरू शकतो.

माणसं

‘तेव्हा कसं होतं हो?’ या प्रश्नाला ‘चांगलं होतं’ एवढंच उत्तर येतं. कामाचा एक दिवस विचारा. भोंगा किती वाजता व्हायचा, हाजरी कोण घ्यायचं, डब्यात काय असायचं, टोपली किती भरली की मुन्शी खूण करायचा, सुट्टी झाल्यावर आधी कुठे जायचे. पगाराचा दिवस वेगळा विचारा. बाजार त्याच दिवशी भरायचा का, उधारी कोणाकडे, बायकोचा पगार कोणाच्या हातात पडायचा.

वर्ष विचारू नका, वर्ष सापळ्यात पकडा. मजुरी आण्यात सांगितली तर १ एप्रिल १९५७ च्या आधीची किंवा लगेच नंतरची, कारण लोक नवे पैसे आले तरी काही वर्षं आणेच बोलत. ‘दुष्काळाच्या आधी की नंतर’ (१९७२), ‘आणीबाणीत की पुढे’ (१९७५-७७), ‘थोरल्याच्या लग्नाच्या वेळी खाण चालू होती का’. एकाच गोष्टीसाठी असे दोन टेकू मिळाले की वर्ष बरंचसं पक्कं होतं.

पुरुषांच्या घोळक्यात बाई बोलत नाही, तिच्याकडे स्वतंत्र जा, शक्यतो बाईनेच जावं. सरदार, ओव्हरमन (खाणीत देखरेख करणारे) आणि युनियनवाले आधी पुढे येतात, त्यांचं ऐका, पण टब (रुळावरून माल वाहायची डबी) ढकलणाऱ्याला, रेजाला, दुकानदाराला, सुईणीला आणि खाणीत कधीच न गेलेल्या शेतकऱ्याला सोडू नका. शेतकऱ्याचं गाऱ्हाणं वेगळं असतं: विहीर आटली, मजूर मिळेना, धुळीने कापूस काळा पडला. एका माणसाकडे दोनदा जा. पहिल्या भेटीत सांगितलेलं अर्धं दुसऱ्या भेटीत सुधारून मिळतं.

रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी परवानगी विचारा आणि ती परवानगीही रेकॉर्ड करा. खोकला, दम, हातापायांची थरथर, चालताना तोल जाणं, असं कोणी सांगितलं तर ते नुसतं टिपून घेऊ नका. सिलिका आणि मँगनीजच्या धुळीचे हे परिणाम असू शकतात. डॉक्टरांना पूर्वीचं काम स्पष्ट सांगायला सांगा. पिण्याच्या पाण्याची तपासणीही सोबतच करून घ्या. मँगनीजची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ०.३ पर्यंत.

‘खाण बंद झाली’ म्हणजे कोणत्या तारखेला?

गावात दहा जणांना विचारलं तर चार वर्षं मिळतात, आणि बहुधा चारही खरी असतात. शेवटचा माल निघाला ती एक तारीख. शेवटचा पगार झाला ती दुसरी, मधे सहा महिने थकबाकी असू शकते. पंप थांबले आणि पाणी चढू लागलं ती तिसरी. क्वार्टर रिकामे करायची नोटीस ही चौथी, खाणपट्टा संपला किंवा परत केला ती पाचवी. कागदावर पाचवीच सापडते, कधी प्रत्यक्षापेक्षा दहा-वीस वर्षं उशिराची. ठेकेदाराच्या छोट्या खाणीत पंपाची तारीख कोणत्याच कागदावर नसते, ती फक्त माणसांकडे. पाचही तारखांचा तक्ता करा, प्रत्येकीपुढे आधार लिहा, आणि रिकामी राहिलेली चौकट रिकामीच ठेवा.

२००३ नंतर बंद झालेल्या, कोळसा सोडून इतर प्रमुख खनिजांच्या खाणींना मंजूर समापन योजना असणं बंधनकारक होतं. ती मागून घ्या आणि जमिनीवर काय झालं हे कलम-कलमाने ताडा: कुंपण घातलं का, झाडं लावली का, किती जगली. त्याआधीच्या खाणींना असं काही नव्हतं, म्हणून उघडे खड्डे जास्त करून जुन्याच खाणींचे असतात.

मांडणी आणि प्रती

लिहिताना खाणीच्या आधीच्या गावाला निदान चौथा हिस्सा द्या आणि नंतरच्या गावाला तेवढाच. आज तिथे कोण राहतं, काय करतं, खड्ड्यात मासेमारी होते का, लाईनीच्या खोल्या कोणाच्या नावावर आहेत. बोलीतले शब्द प्रमाण करू नका. खदान, चाणक, टब, घमेला, हाजरी, लाईन हे लोक म्हणतात तसेच ठेवा आणि शेवटी छोटी सूची जोडा.

कच्चा मसुदा गावात वाचून दाखवा, ग्रामपंचायतीत एकदा आणि लाईनीत एकदा, कारण लाईनीतली माणसं ग्रामपंचायतीत येत नाहीत. वाद झाला तर दोन्ही म्हणणी छापा. छापील प्रत शाळेत, ग्रामपंचायतीत, तालुक्याच्या वाचनालयात आणि जिल्हा ग्रंथालयात ठेवा. रेकॉर्डिंगच्या फाइल दोन वेगळ्या घरांतल्या दोन डिस्कवर, प्रत्येक फाइलच्या नावात तारीख आणि मौजा. ज्यांचा आवाज आहे त्यांच्या घरी त्यांची फाइल पेनड्राइव्हवर द्या, म्हातारा माणूस गेल्यावर घरचे तेच शोधत येतात.